बोटीवर न्यूट्रल नसते

आमच्या ह्यांना धक्क्यावर सगळे 'अर्थतज्ज्ञ' म्हणतात. पैशाशी त्याचा काडीचा संबंध नाही. पैशातलं ह्यांना किती कळतं ते मला विचारा, मी बसवून सांगेन. हे वायरमन आहेत, तेही बोटींचे. मोठ्या जहाजांचे नव्हेत; लोक सुट्टीला चार दिवस समुद्रात भटकायला नेतात त्या केबिनवाल्या लहान बोटींचे, जिथे वाकल्याशिवाय चालता येत नाही आणि वाकून चाललं तरी डोकं आपटतंच. अशा बोटीवरची सगळी वीज बॅटरीतून येते. बिघाड झाला की बाकीचे वायरमन आधी बॅटरी बघतात, मग बटण, मग दिवा. हे आधी अर्थ बघतात. अर्थ म्हणजे परतीची वायर. वीज पंपापर्यंत जाते ती एक वायर, आणि काम करून बॅटरीकडे परत येते ती दुसरी. ह्यांचं म्हणणं असं, की जाणाऱ्याकडे सगळे बघतात, परत येणाऱ्याची वाट कुणी तपासत नाही, आणि निम्म्याहून जास्त बिघाड तिथेच निघतात. 'काय, अर्थ लागला का?' असं कुणी चिडवलं की हे मान वर न करता 'लागतोय' म्हणतात. थट्टा कळत नाही असं नाही, पण हातात काम असताना कळत नाही.

ह्या कामाला दोन माणसं लागतात. एक खाली, तळाच्या फळ्या उचलून तेलकट पाण्याशेजारी पालथा पडलेला. दुसरा वर पॅनलपाशी, सांगेल ते बटण दाबणारा. आमची मुलगी शाळेत जायला लागली तशी ती वरची जागा मी घेतली. 'दाब', 'सोड', 'किती दाखवतोय?' आणि 'लक्ष कुठंय?' एवढ्यावर आमचा निम्मा संसार झाला. बोटींवर आम्ही जितकं भांडलो तितकं घरी भांडायला कधी सवड मिळाली नाही. लोक म्हणायचे, वहिनी काम शिकल्या. काम किती शिकले कोण जाणे, पण हे मात्र मला पाठ झाले.

हे डावखुरे. त्यामुळे ह्यांनी गुंडाळलेली टेप बाकीच्यांच्या उलट दिशेने सुटते. शिवाय टेपचं टोक हे पुरतं चिकटवून टाकत नाहीत. टोकाला इवलीशी घडी घालून शेंडी सोडतात, म्हणजे पुढे कुणाला ती टेप काढायची वेळ आली तर नखं झिजवायला नकोत. अशी शेंडी ठेवणारी धक्क्यावर दोनच माणसं. एक हे, दुसरा पक्कड. पक्कड ह्यांच्याच हाताखाली तयार झाला. मागच्या खिशात कायम पक्कड खोचलेली, म्हणून ते नाव पडलं. आता त्याची स्वतःची शेड आहे आणि त्याच्याकडे आमच्यापेक्षा जास्त काम येतं. शिष्य वरचढ निघालेला गुरूला आवडतो म्हणतात. आवडत असेल, पण समोरच्याच शेडमध्ये निघालेला आवडत नाही.

वायरमन लोकांची एक रीत आहे. पॅनल उघडलं की पहिलं काम म्हणजे आधी येऊन गेलेल्या वायरमनचा उद्धार करायचा. 'कुठल्या गाढवाने केलंय हे?' ह्या वाक्याशिवाय हे पेचकसाला हात लावत नाहीत. बोटीचा मालक समाधानाने मान हलवतो, कारण आधीच्या गाढवाला त्यानेच बोलावलेलं असतं आणि आता तरी आपल्याला शहाणा माणूस भेटला असं त्याला वाटतं. मी वर पॅनलपाशी उभी राहून मनात म्हणायची, अहो, तुम्ही निघून गेलात की पुढचा येऊन हेच म्हणतो.

बोटींकडे वळण्याआधी, तरुणपणी, हे घरांची कामं करायचे. भिंतीतून वायरी ओढायच्या, दोन वायरींची टोकं सोलून एकमेकींत पिळायची आणि वर टेप गुंडाळायची. कोरड्या भिंतीत असा पिळाचा जोड जन्मभर टिकतो. बोटीवर टिकत नाही. खारी हवा पिळाच्या फटीतून आत शिरते, तांबं हिरवं पडतं आणि शेवटी त्याचं पीठ होतं. म्हणून बोटीवर वायरी पिळायच्या नाहीत. दोन टोकं धातूच्या नळीत घालून ती दाबून घट्ट करायची आणि वर गरम केली की आकसून बसणारी प्लॅस्टिकची नळी चढवायची. पक्कड नवीन होता तेव्हा एकदा कुठूनतरी ऐकून परतीच्या वायरीला 'न्यूट्रल' म्हणाला. हे असे काही भडकले की शेजारच्या बोटीवरचे लोक डोकावून बघायला लागले. 'न्यूट्रल घरात. बोटीवर न्यूट्रल नसते. इथे घर डोक्यातून काढायचं आणि मग पाऊल टाकायचं.' पक्कडने तेव्हापासून कानाला खडा लावला.

गेल्या हंगामाआधी मी लेकीच्या बाळंतपणाला तिच्याकडे जाऊन राहिले. हे इथे एकटेच होते. फोनवर नेहमीचंच बोलायचे: जेवलो, ऊन फार आहे, डॉक्टरांच्या बोटीत नवा पंप बसवला, तुझा गॅस संपला. परत आल्यावर हे मला थोडे वाळलेले वाटले. बायको घरात नसली की नवरे वाळतात, त्यात नवल काय, असं म्हणून मी सोडून दिलं. मग बारीकसारीक दिसायला लागलं. वीज मोजायच्या मीटरची चकती कुठल्या आकड्यावर लावायची ते आठवेना की हे मीटर माझ्या हातात द्यायचे, जणू मलाच शिकवतायत. 'दाबलंस का?' मी म्हणायची, 'दाबलं.' पुन्हा, 'अगं दाबलंस का?' आणि एक दिवस खालून आवाज आला, 'ती न्यूट्रल जरा धर.'

मी हसले. मला वाटलं, माझी परीक्षा घेतायत. म्हटलं, 'बोटीवर न्यूट्रल नसते.' मी वाकून पाहिलं तर हे फळीला टेकून माझ्याकडे बघत होते, परक्या गावात रस्ता चुकलेला माणूस बघतो तसे. मी कुणाला सांगितलं नाही. लेकीला सांगितलं असतं तर ती तान्ह्या बाळाला घेऊन धावत आली असती, आणि ह्यांना सांगायचं तर काय सांगायचं? एक शब्द चुकला म्हणून माणसाला कुणी आजारी ठरवतं का? असं मी स्वतःलाच विचारायची, आणि उत्तर माहीत असल्यामुळे पुढचं विचारायची नाही.

अशात मास्तर आले. निवृत्त शिक्षक, सडपातळ, बोलताना आपण पाठीमागच्या बाकावर बसलो आहोत असं वाटायला लावणारे. त्यांनी वर्षभरापूर्वी एक जुनी बोट घेतली होती. गेल्या महिन्यात नवराबायको दोघंच लांबवर गेले असताना तळात कुठूनतरी पाणी झिरपायला लागलं. पाणी उपसणारा पंप चालू केला तर तो नुसता गुरगुरला. केबिनमधले दिवे मंदावले, पाण्याची खोली दाखवणारं यंत्र बंद पडलं, पाणी मात्र चढत राहिलं. दोघांनी बादली आणि स्वयंपाकाचं पातेलं घेऊन पाणी उपसत बोट किनाऱ्याला आणली. मास्तर हे सगळं शांतपणे सांगत होते, पण पातेल्यापाशी आले तेव्हा त्यांचा आवाज हलला.

'आमच्या बाई तेव्हापासून बोटीवर पाय ठेवत नाहीत,' ते म्हणाले. 'पण रविवारी लेक येतेय, नातीला घेऊन. नातीला बेट बघायचंय. तुम्ही हो म्हणालात तरच नेईन. तुम्ही नाही म्हणालात तर तिला बागेत नेईन.'

'बघतो,' हे म्हणाले. 'बोट कुणाकडून घेतलीत?'

'डॉक्टरांकडून. पांढरी होती, मी निळी करून घेतली. विकण्याआधी पंप नवीन बसवून घेतलाय असं म्हणाले होते.'

'कोण डॉक्टर?' ह्यांनी विचारलं.

मास्तरांनी डॉक्टरांचं वर्णन केलं: टक्कल, मोठा आवाज, हातात सतत फोन. हे लक्ष देऊन ऐकत होते आणि ह्यांच्या चेहऱ्यावर काहीही उमटत नव्हतं. माझ्या मात्र कानात फोनवरचं ते वाक्य वाजलं, आणि धक्क्याच्या पायऱ्या उतरताना मी मागे राहिले. मी मनाला समजावलं की डॉक्टर काय एकच असतो का, आणि डॉक्टरांना वायरमनही काय एकच असतो का.

बिघाड शोधण्यात हे पहिल्यासारखेच होते, तेच तर कळत नाही मला. पंपाच्या वायरी सोडवून ह्यांनी मीटर लावला. बारा व्होल्टच्या वर दाखवलं. 'ठीक आहे की,' मास्तर म्हणाले.

'रिकाम्या वायरीचं काही खरं नसतं, मास्तर. अंगावर काम पडल्याशिवाय माणूस कळत नाही, तसंच वायरीचं.' पंप पुन्हा जोडून मला म्हणाले, 'दाब.' मी बटण दाबलं. पंप गुरगुरला, डोक्यावरचा दिवा मलूल झाला आणि मीटर आठावर आला. मग ह्यांनी मीटरची एक तार पंपाच्या परतीच्या टोकाला लावली आणि दुसरी लांब वायर घेऊन थेट बॅटरीच्या ऋण टोकाला. परतीची वाट नीट असती तर मीटरने जवळजवळ शून्य दाखवायला हवं होतं. चारच्या आसपास दाखवलं. म्हणजे पंपाच्या, आणि त्याच वायरीने परतणाऱ्या दिव्यांच्याही, वाट्याची वीज परतीच्या वाटेतच कुठेतरी खर्ची पडत होती.

'अर्थ लागला,' हे म्हणाले, आणि मास्तर पहिल्यांदा हसले. मलाही क्षणभर बरं वाटलं. ज्या माणसाला हे जमतं त्याला काय होणार आहे, असं वाटलं.

मग ती वायर धरून हे तळात सरकत गेले. एक फळी काढली, दुसरी काढली, आणि तिसऱ्या फळीखाली हात घालून थांबले. 'कुठल्या गाढवाने केलंय हे?'

नेहमीचंच वाक्य. पण ह्या वेळी आवाज खरोखरच चढलेला होता. 'पिळाचा जोड. बोटीत. तळात, पाण्याच्या वर वीतभर. नळी नाही, काही नाही, पिळून टेप गुंडाळलीय. अगं बघ हे. माणूस मारायचा धंदा आहे हा.' ह्यांनी जोडाच्या दोन्ही बाजूंना वायर कापून तो तुकडा माझ्या हातात दिला.

टेपच्या कडेने हिरवी पूड सांडत होती. टेपच्या टोकाला शेंडी होती. मी शेंडी धरून जरा ओढली. माझी बोटं आपसूक ज्या दिशेला वळली त्याच दिशेने टेप सुटली. इतकी वर्षं मी ह्यांच्या टेपा सोडवल्या आहेत. बाकीच्यांची टेप सोडवताना मला आधी उलट हिसका बसतो आणि मग लक्षात येतं. इथे हिसका बसला नाही. ह्यांचे हात बोटी विसरले होते आणि तरुणपणीच्या घरांत परत गेले होते, हे मला त्या वीतभर तुकड्यात दिसलं.

'काय?' ह्यांनी विचारलं.

'काही नाही,' मी म्हटलं. 'असेल कुणीतरी गाढव.'

हे मी बोलून गेले. मास्तर समोर होते, हे समोर होते, आणि दुसरं काय बोलणार होते मी? वाटलं, एवढा जोड नीट करू, नात बेटावर जाऊन येईल, पुढचं पुढे बघू. पण त्याच वेळी दुसरंही डोक्यात आलं. मी लेकीकडे होते तेवढ्या दिवसांत ह्यांनी ही एकच बोट केली असेल का? अजूनही चार-दोन केल्या असतील. त्यांच्याही तळात असेच जोड असतील, आणि त्या बोटी आज कुठे असतील, कुणाला घेऊन? खोटं बोलून एक भोक बुजवलं तर बाकीच्यांतून पाणी येणारच होतं.

ह्यांनी तुकडा माझ्याकडून परत घेतला, उलटासुलटा केला, आणि शेंडीवर ह्यांचं बोट थांबलं. चेहरा बदलला. मला वाटलं, कळलं. पण हे म्हणाले, 'पक्कड.'

'अहो, नाही.'

'शेंडी बघ की. मी एक आणि तो एक. मी तर नाही.' किती सहज म्हणाले. 'आणि हा माझ्याकडे शिकला म्हणून गावभर सांगतो. चल.'

'आधी काम तर पुरं करा.'

'काम कुठे पळून जातंय? मास्तर, आलोच.'

हे निघाले. मी मागून बोलत राहिले: ऊन आहे, तो कामात असेल, संध्याकाळी बोलू, तुमचा चहा राहिलाय. पालथ्या घड्यावर पाणी. ह्यांची चाल तरुण झाली होती. आपल्या हाताखाली शिकलेल्या माणसाने आपल्याला खाली बघायला लावलं, ह्याचा राग होता तो, आणि त्यात 'असेल कुणीतरी गाढव' म्हणून तेल मीच ओतलं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघालेल्या माणसामागे मी चप्पल ओढत चालले होते, आणि चोर कोण ते मला एकटीला माहीत होतं.

पक्कडची शेड पत्र्याची. मधोमध लांब टेबल, त्यावर वायरींची भेंडोळी रंगाप्रमाणे लावलेली, भिंतीला हत्यारं ओळीने टांगलेली. ही शिस्त ह्यांचीच. तो एका पॅनलवर वाकला होता. आम्हाला बघून उठला, हात पुसले, स्टूल पुढे केलं. 'या दादा. वहिनी, बसा.'

हे बसले नाहीत. तुकडा टेबलावर टाकला. 'हे काय आहे?'

पक्कडने तो उचलला. शेंडी पाहिली. बोटाने टेप जराशी ओढली, आणि उलट हिसका बसून त्याचा हात थांबला. मी बघत होते. त्याने एकदा ह्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्याकडे पाहिलं तेव्हा मला मान वर ठेवता आली नाही. त्याला सगळं कळलं, बहुतेक थोडंफार आधीपासूनच कळत असावं. धक्क्यावर लोकांना डोळे असतात.

'कुठल्या बोटीतला?' त्याने विचारलं.

'डॉक्टरांच्या. आता मास्तरांची आहे. नवराबायको बुडता बुडता वाचले. आता नातीला घेऊन जायचे होते. सांग, कुणी केलंय हे?'

बाहेर कुणीतरी बोटीचं इंजीन चालू करायला धडपडत होतं. मग पक्कड म्हणाला, 'मीच दादा. घाईत झालं. चुकलं.'

मला रडू आलं. ह्या माणसाच्या नावाने आम्ही घरी नाकं मुरडत होतो आणि तो स्वतःच्या शेडमध्ये उभा राहून दुसऱ्याचं पाप अंगावर घेत होता. तेव्हाच मी बोलायला हवं होतं. नाही बोलले.

हे मात्र शांत झाले. चूक कबूल केली की ह्यांचा राग उतरतो आणि गुरू जागा होतो. 'घाईत म्हणे. घाईत माणूस सवयीचं करतो. तुला पिळाची सवय कुठून लागली? मी तर तुला पिळायला कधी शिकवलं नाही.'

'बघून केलं.'

'बघून. म्हणूनच. बरं, आता बोटीवर हा जोड का चालत नाही ते तुला पुन्हा सांगतो, पण आधी निदान घरात करायचा तर कसा करायचा ते बघ. घे दोन वायरी. कर.'

पक्कडने दोन तुकडे घेतले, टोकं सोलली आणि पिळायला लागला. त्याने आयुष्यात एकाही घराचं काम केलेलं नाही. एक वायर सरळच राहिली आणि दुसरी तिच्याभोवती वेड्यासारखी फिरली. वर टेप गुंडाळली, शेंडी ठेवली. जोड गाठोड्यासारखा दिसत होता.

'हे काय?' हे वैतागले. 'त्या बोटीत तर बरा केला होतास. दे इकडे.'

ह्यांनी नवे दोन तुकडे घेतले. मी ह्यांचे हात बघत राहिले. सकाळी शर्टाची बटणं चुकवणारे हात. टोकं सोलली, दोन्ही तांब्याच्या तारा एकमेकींवर आडव्या ठेवल्या आणि डाव्या हाताने अशा काही पिळल्या की एकीने दुसरीला सारखे वेढे दिले, उरलेलं टोक मागे दुमडलं, टेप फिरली, घडी, शेंडी. बोलण्याच्या भरात हे कुठेही थांबले नाहीत. 'असा. कळलं? आता हा आणि तुझा बोटीतला, दोन्ही शेजारी ठेव, म्हणजे फरक दिसेल.'

आणि स्वतःच शेजारी ठेवले.

फरक नव्हता. एक हिरवा पडलेला होता, एक चकचकीत होता, एवढंच. हे बोलायचे थांबले. पक्कडचं गाठोडं उचलून तिसरं ठेवलं आणि तिन्हींकडे बघत राहिले. मग बोटीतल्या जोडाची टेप शेंडीला धरून सोडवली, हळूहळू, पूर्ण. आतला पीळ उन्हाकडे धरला. पक्कड म्हणाला, 'दादा, चहा सांगू का?' ह्यांनी ऐकलं नाही.

'हा डाव्या हाताचा आहे,' हे म्हणाले.

हे वळले, पण पक्कडकडे नाही, माझ्याकडे. 'कधी केला मी हा?'

अजूनही एखादं खोटं सापडलं असतं मला. बायकांना सापडतात. पण ह्यांचे डोळे बघून धीर झाला नाही. म्हटलं, 'मी लेकीकडे गेले होते तेव्हा. डॉक्टरांची बोट. पांढरी होती तेव्हा. तुम्ही फोनवर म्हणाला होतात.'

'मी म्हणालो?'

'हो.'

'आणि मला ती बोट आज नवी वाटली.'

'हो.'

'तुला कधी कळलं?'

'मगाशी. टेप ओढली तेव्हा.' आणि मग जे कित्येक महिने गिळत आले होते तेही बाहेर पडलं. 'थोडं आधीपासून पण.'

मला वाटलं आता हे ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. पण ह्यांनी स्टूल ओढलं आणि बसले. आपलेच दात आणि आपलेच ओठ. चावून दुखतं ते आपल्यालाच, आणि बोलायचं कुणाला? हात गुडघ्यांवर पालथे ठेवून हे त्या हातांकडेच बघत होते. मी जवळ जाऊन उभी राहिले. खांद्यावर हात ठेवावा असं वाटत होतं, पण परक्यासमोर आम्ही तसं कधी केलेलं नाही. शेवटी ठेवलाच. ह्यांनी तो झटकला नाही.

मग हे बोलले, आणि आवाज कामाचा होता. 'पक्कड, तू का घेतलंस अंगावर?'

'तसंच, दादा.'

'तसंच काय? तू हो म्हणालास आणि मी ऐकून गेलो असतो, तर बाकीच्या बोटी तशाच राहिल्या असत्या.' मग माझ्याकडे वळून, 'तू नव्हतीस तेव्हा मी कुठल्या कुठल्या केल्या, तुला माहीत आहे?'

'फोनवर सांगितलेल्या आठवतायत. बाकीच्या विचारून काढू.'

'काढ. सगळ्या उघडायच्या. एक जोड असा निघाला की त्या माणसाच्या एकाही जोडावर विश्वास ठेवायचा नाही, मग तो कुणीही असो. तळापासून पॅनलपर्यंत सगळं कापून नव्याने करायचं. मी नाही करायचं. हा करेल, तू वर उभी राहा. मास्तरांची पण ह्यानेच करायची, आणि पुरी झाल्याशिवाय नातीला बोटीवर घ्यायचं नाही.' हे सगळं ह्यांनी एका दमात सांगितलं, एकही शब्द न चुकता. मी ऐकत होते आणि माझ्या मनात येत होतं, की इतकं शहाणपण ज्याच्यात शिल्लक आहे त्याच्याकडून ते काढून घ्यायची कुणाला घाई झालीय?

'मी संध्याकाळी जाऊन मास्तरांना सांगतो,' पक्कड म्हणाला. 'तुम्ही घरी जा, दादा. पडा जरा.'

'नाही. मास्तरांना मी सांगणार.' हे उठले. तो हिरवा तुकडा मुठीत घेतला. 'आणि आत्ताच. माझ्या लक्षात आहे तोवर.'

हे शेडबाहेर पडले ते थेट उन्हात, टोपी न घालता. मी पाठोपाठ. मगाचची तरुण चाल राहिली नव्हती, पण पावलं भरभर पडत होती, आणि जवळ गेल्यावर मला ऐकू आलं की हे पुटपुटतायत. 'जोड माझा होता. मास्तर, जोड माझा होता.' शाळेत जाताना कविता म्हणत जाणाऱ्या मुलासारखं, पुन्हा पुन्हा. मी मागे दोन पावलं राहिले, मध्ये बोलले नाही. धक्का समोर दिसत होता. नेहमीचे लोक नेहमीच्या जागी बसलेले होते, आणि मी देवाकडे एवढंच मागत होते की आज कुणी ह्यांना हाक मारू नये, कुणी थांबवून काही विचारू नये.